तिसऱ्या खिळ्याचा आवाज

खिळेकाका फार बोलत नाहीत, असा सगळ्यांचा समज होता आणि काकांनी तो कधी दूर केला नाही. खरं कारण साधं होतं. घोड्यांना नाल ठोकणाऱ्या माणसाच्या तोंडात दिवसभर खिळे असतात. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात सहा खिळे धरायचे, एकेक काढायचा, ठोकायचा. समोरचा काहीही बोलला तरी उत्तर एकच, "हं." त्या एका "हं"वर काकांनी पन्नास वर्षं काढली. "आमच्या लग्नाची बोलणीसुद्धा हं-हंवरच झाली. मला वाटलं मुलगा मुका आहे, पण हाताला काम आहे ना, म्हटलं चालेल," असं त्यांची बायको सांगायची. ती जाऊन आता नऊ वर्षं झाली.

काका एकाहत्तर वर्षांचे. वाकून वाकून कंबर अशी झालेली की सरळ उभे राहिले तरी कुणाचा तरी पाय मांडीवर घेतल्यासारखे दिसायचे. उताराच्या रस्त्यावर, पाण्याच्या दगडी हौदाला लागून त्यांचं अंगण. जमिनीला सपाट फरशा, मधोमध खुरांनी झिजून खोलगट झालेल्या. एका बाजूला भट्टी, ऐरण, भिंतीवर टांगलेल्या नाला. अंगणामागे दोन खोल्या, तिथे ते आणि त्यांची मुलगी राहायचे. मुलगी शाळेत शिकवायची आणि बापाचा तिला फार अभिमान होता.

अंगणात येणारे घोडे बहुतेक एकाच जातीचे. लोक त्यांना नुसतं "डोंगरी" म्हणायचे. बुटका घोडा, जाड मान, छाती रुंद, आणि अस्सल असेल तर पाठीवर आयाळीपासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ, जणू कुणी पाटीवर रेघ ओढून पाहिली. पहिल्यांदा बघणारा हसायचाच, हे काय गाढवाचं चुलतभावंड म्हणून. पण ह्या डोंगरांमध्ये माणूस राहू शकला तो ह्या घोड्यामुळे. उतारावरच्या अरुंद शेतांत मोठ्या घोड्याला वळता यायचं नाही, तिथे हा नांगर ओढायचा. तोच घोडा दुपारी लाकडाचे ओंडके खाली आणायचा. लढाईच्या काळात ह्याच्या पाठीवर तोफांचे सुटे भाग वर गेले होते. खाणीच्या बोगद्यात उंच घोडा मावत नाही, तिथेही हाच. ह्याची दुडकी चाल अशी सपाट, की आजारी माणसाला पाठीवर बांधून दवाखान्यात न्यायचे आणि वाटेत तो झोपून जायचा. वरच्या वस्त्यांचं टपाल शंभर वर्षं ह्यांनीच वाहिलं. शाळेची पोरं एकाच घोड्यावर तिघं-तिघं बसून यायची आणि घोडा एकटा घरी परत जायचा.

ह्या जातीची एक खोड मात्र काकांच्या वडिलांनी त्यांना लहानपणीच सांगून ठेवली होती. हा घोडा दुखलं तरी सांगत नाही. मोठे घोडे टाचणी टोचली तरी उड्या मारतात. डोंगरी नुसता एक कान मागे करतो. म्हणून त्याला नाल ठोकताना कानावर काम करावं लागतं, आपल्याही आणि त्याच्याही. वडील काकांना डोळे मिटून उभं करायचे आणि स्वतः ठोकायचे. खुराचा बाहेरचा भाग आपल्या नखासारखा निर्जीव. त्यात खिळा शिरला की आवाज खणखणीत येतो, प्रत्येक घावाला चढत जातो. आत जिवंत भाग असतो. खिळा तिकडे वळला तर आवाज एकदम मऊ पडतो. "ऐकलास?" वडील विचारायचे. मग लगेच तो खिळा उपसायचे, भोकात औषध भरायचे आणि ती जागा रिकामी सोडायचे. दोन दिवसांत घोडा पूर्ववत.

"असं प्रत्येकाच्या हातून होतं," वडील म्हणायचे. "माझ्या हातून होतं, तुझ्या हातून होईल. त्यात लाजायचं काही नाही. उपसायचा आणि मालकाला सांगायचं."

म्हणजे काकांना माहीत नव्हतं असं नाही. बावीस वर्षांपूर्वी जे झालं ते सगळं माहीत असताना झालं.

त्या वेळी गावात टपाल नावाचा एक घोडा होता. त्याच्या आज्या-पणज्यांनी टपाल वाहिलं म्हणून हे नाव. अस्सल डोंगरी नर, पाठीवरची रेघ अशी काळी की ओली वाटायची. घोडा काकांच्या मित्राचा. मित्र खोकल्याच्या दुखण्यात गेला, तेव्हापासून त्याची बायको घोडा चालवायची. काका तिला वहिनी म्हणायचे, ती त्यांना भाऊजी. वहिनी उंच, हाडापेराने मजबूत, तोंडाने फटकळ. वरच्या वस्त्यांवरून दुधाच्या कॅन आणायची, जाताना सामान न्यायची. टपालला स्वतः खरारा करायची आणि करताना त्याच्याशी भांडायची. "नवऱ्यासारखाच आहेस, ऐकून घेतोस आणि करतोस मनाचंच."

एकदा खालच्या सपाटीवरच्या घोड्यांच्या पैदास केंद्रातून चार माणसं टपालला बघायला आली. पसंत पडला तर एक हंगाम त्याला घेऊन जाणार होते. केंद्रात अस्सल डोंगरी घोड्या होत्या, नर नव्हता. टपालची पोरं झाली असती तर जात टिकली असती. अख्खं गाव अंगणात जमलं. पाहुणे म्हणाले, नवी नाल ठोका, चाल बघू.

डोंगरी घोड्याचा खूर लहान, त्याला बारीक खिळे लागतात. त्या दिवशी काकांकडचे बारीक खिळे संपले होते. दुकानातून आणायला तासभर लागला असता. पाहुणे घड्याळ बघत होते, लोक काकांकडे बघत होते. काकांनी मोठ्या गाडीच्या घोड्यांचे जाड खिळे घेतले. हात बसलेला आहे, जपून ठोकू, असं मनाशी म्हणाले.

पुढचा डावा पाय. बाहेरच्या बाजूचे खिळे छान गेले. आतल्या बाजूचे दोन गेले. पाहुण्यांपैकी टक्कल असलेला माणूस म्हणाला, "हात बघा ह्यांचा. असा हात आमच्या केंद्रात एकाचाही नाही." वहिनी म्हणाली, "आमच्या भाऊजींनी ठोकलेली नाल घोडा मेला तरी पडत नाही." लोक हसले. काकांनी तिसरा खिळा लावला, घाव घातला, दुसरा घातला, आणि आवाज मऊ पडला.

काकांनी हातोडी थांबवली. टपालचा कान मागे गेला.

एवढंच करायचं होतं, पक्कड घ्यायची आणि खिळा उपसायचा. पण टक्कलवाला अजून त्यांच्या हाताकडे बघत होता आणि स्तुती अजून हवेत होती. काकांच्या मनात आलं, कदाचित आपल्याला उगाच वाटलं असेल. खरं तर तसं त्यांना वाटलं नव्हतं, आपल्याला तसं वाटतंय असं त्यांनी ठरवलं. त्यांनी उरलेले दोन घाव घातले, बाहेर आलेलं टोक मुरडून बसवलं, कानशीने गुळगुळीत केलं. टपाल चालला. डौलात चालला. दुखलं तरी सांगत नाही, ती जात.

पाहुणे म्हणाले, पंधरा दिवसांनी न्यायला येतो.

पाचव्या दिवशी वहिनी टपालला घेऊन अंगणात आली. "भाऊजी, बघा ना जरा. डावा पाय हलका टाकतोय. गरम शेक दिला मी, पण नाही."

अजूनही वेळ होता. नाल काढून जखम उघडी केली असती, तर घोडा कदाचित वाचला असता. पण नाल काढली की खिळा दिसणार, आणि खिळा दिसला की सगळं दिसणार. हौदावर तिघं-चौघं बसली होती. काकांनी खूर हातात घेतला, दाबल्यासारखं केलं आणि विचारलं, "कुठल्या वाटेनं आणलंत ह्याला?"

वहिनी जराशी वरमली. "परवा वरच्या वाटेनं आणला. एकदाच. उशीर झाला होता हो, दूध नासलं असतं."

वरची वाट धारदार दगडांची. काकांनी ती वाट घट्ट धरली. "मग तेच. तळवा ठेचलाय. विश्रांती द्या दोन दिवस."

दहाव्या दिवशी टपालचा जबडा मिटला तो उघडेना. शेपटी काठीसारखी ताठ झाली. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आले, त्यांनी ओळखलं, धनुर्वात. कुठूनतरी जखम आत गेली आहे म्हणाले. काकांना नाल काढायला सांगितली. काकांनी तिसरा खिळा उपसला तेव्हा तो टोकाकडे काळा होता आणि त्याला वास होता. डॉक्टर सुईत औषध भरत होते. काकांनी खिळा अंगठ्याने पुसला आणि बाकीच्या खिळ्यांत टाकला.

"दगडावरून पिटाळलाय," ते म्हणाले. "तळव्यात दगड घुसला असणार. तिनंच सांगितलं मला, वरच्या वाटेनं आणला म्हणून."

डॉक्टरांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "हो."

टपाल गेला. केंद्राची माणसं आली आणि परत गेली. गावात कुणीतरी वहिनीला "दगडी" म्हणायला सुरुवात केली, दगडावरून घोडा मारला म्हणून. नाव चिकटलं. बावीस वर्षांत पोरांच्या दोन पिढ्या तिला दगडीबाई म्हणत मोठ्या झाल्या, का म्हणायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने परत घोडा ठेवला नाही. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुवायला लागली. ती राहायची ती गल्ली काकांच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर, पण काका त्या गल्लीने कधी गेले नाहीत.

काका देवभोळे नव्हते, पण देवाला मानणारे होते. रोज भट्टी पेटवण्याआधी हात जोडायचे. देवाला सगळं ठाऊक आहे, असं म्हणून मनाची समजूत घालायचे. त्याला ठाऊक आहे म्हणजे आता आणखी कुणाला सांगायची गरज नाही, असा सोयीचा अर्थ त्यातून काढायचे. मात्र हात जोडताना देवाकडे बघायचे नाहीत, भट्टीकडे बघायचे.

ह्या वर्षी जनावरांच्या दवाखान्यात एक नवी डॉक्टरीण आली. तिशीची, गमबूट घालणारी, प्रश्न विचारून माणसाला भंडावणारी. तिने डोंगरी घोड्यांवर पुस्तक लिहायला घेतलं. जात कुठून आली, काय काय कामं केली, आता किती उरले. गावात आणि वरच्या वस्त्यांत मिळून तेवीस उरले होते, आणि एकाच्याही पाठीवर रेघ नव्हती. माहिती कुणाकडे, तर खिळेकाकांकडे. दोन महिने ती रोज यायची, उलट्या बादलीवर बसायची आणि लिहून घ्यायची. काका तोंडातले खिळे काढून बोलायचे. मुलगी म्हणायची, "डॉक्टर, तुम्ही आमच्या बाबांना बोलतं केलंत. आईला जमलं नव्हतं हे."

एका दुपारी डॉक्टरीण लिहिलेले कागद घेऊन घरात आली. मुलीने चहा टाकला. डॉक्टरीण वाचायला लागली. नांगर, ओंडके, टपाल, खाण, सगळं काकांच्याच शब्दांत. मुलगी कपबशा पुसता पुसता मान डोलवत होती. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ज्यांच्या हाताने ह्या जातीचे पाय राखले त्यांना.

"आणि हे शेवटचं प्रकरण," डॉक्टरीण म्हणाली. "दवाखान्याच्या जुन्या वहीत सापडलं. 'टपाल, अस्सल डोंगरी नर. मालकिणीच्या हयगयीने दगड लागून धनुर्वात. माहिती देणार, नालबंद.' म्हणजे तुम्हीच ना काका? मी असं लिहिलंय, की एका बाईच्या निष्काळजीपणामुळे ही रेघ कायमची पुसली गेली. चालेल ना? परवा सगळे घोडे तुमच्या अंगणात मोजायला आणतोय, तेवढी मापं घातली की छापायला देते."

"ती दगडीबाई ना?" मुलगी म्हणाली. "एवढा चांगला घोडा. मला आठवतंय, मी त्याच्यावर बसले होते."

काकांचा चहा बशीत सांडला.

"ते शेवटचं," ते म्हणाले, "नका देऊ अजून छापायला."

"का हो?"

"परवा सांगतो."

दुसऱ्या दिवशी काकांनी धुतलेला सदरा घातला. खिशात हात घातला तर एक खिळा लागला. कुठलाही सदरा घाला, खिशात खिळा असायचाच. बावीस वर्षांनी ते त्या गल्लीत शिरले.

वहिनीची खोली तळमजल्यावर. एक खाट, एक टेबल, खिडकीत वाळत घातलेले मोजे. कोपऱ्यात कपडे धुण्याच्या पिवळ्या साबणाच्या वड्या रचलेल्या. वहिनी म्हातारी झाली होती. हात पाण्याने पांढरे पडून सुरकुतलेले. तिने दार उघडलं, बघितलं आणि म्हणाली, "भाऊजी? वाट चुकलात की काय?"

"नाही."

"मग बसा. खुर्ची एकच आहे, पाय हलतो तिचा. तुम्हाला हलणाऱ्या पायांची सवय."

काका बसले नाहीत. उभ्या उभ्याच सांगितलं. पुढचा डावा पाय, आतली बाजू, तिसरा खिळा. बारीक खिळे नव्हते. आवाज ऐकला होता. पाचव्या दिवशी तुम्ही आलात तेव्हाही उपसला नाही. सांगताना ते साबणाच्या वड्या मोजत होते. अकरा होत्या.

वहिनी खाटेवर बसली.

"म्हणजे दगडानं नाही मेला तो?"

"नाही."

"वरच्या वाटेनं नाही?"

"नाही वहिनी."

"रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी देवाकडे माफी मागते," ती म्हणाली. "त्या वाटेची. म्हणते, देवा, मुक्या जनावराला मी दुधापायी दगडावर घातला. बावीस वर्षं. आजही मागितली." ती त्यांच्याकडे बघत होती, रागाने नाही, जणू एखादी चादर उलटीपालटी करून डाग शोधावा तशी. "तुमच्या वाटणीची माफी मी मागत होते होय?"

काकांना वाटलं होतं, तिला आतून माहीत असेल, संशय तरी असेल. तिने शिव्या घातल्या असत्या तर त्या झेलायला ते तयार होऊन आले होते. ह्याला ते तयार नव्हते. आपण घोडा मारला आणि खोटं बोललो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. एका बाईची रोजची सकाळ आपण काळी केली, हे त्यांना आज कळत होतं.

"आवाज कसा आला होता?" वहिनीने विचारलं.

"काय?"

"तुम्ही म्हणता ऐकला. कसा होता? दाखवा मला."

काकांनी खिशातला खिळा काढला. हातोडी नव्हती. टेबलावरचा बत्ता वहिनीने पुढे केला. काकांनी आधी टेबलाच्या कडेवर ठोकून दाखवलं. टक्, टक्. "हा चांगला." मग इकडेतिकडे बघितलं, साबणाची एक वडी उचलली, तिच्यावर खिळा उभा धरला आणि घाव घातला.

साबणाने आवाज गिळला.

"एवढाच?"

"एवढाच."

"एवढ्याशा आवाजावर," ती म्हणाली. साबणातला खिळा तिने ओढून काढला आणि त्यांच्या हातात दिला. "मला सांगून काय उपयोग, भाऊजी. मी कुणाला सांगितलं तर म्हणतील, म्हातारीला आता सुचलं. जिथे तुम्ही तेव्हा बोललात तिथे सांगा. तसंच, सगळ्यांसमोर."

"उद्या घोडे जमणार आहेत अंगणात."

"मग उद्या. मला अकराला सुट्टी असते, वीस मिनिटं."

दुसऱ्या दिवशी तेवीस घोडे आले. ओंडके ओढणारे, पावाची गाडी ओढणारे, सहलीच्या पोरांना फिरवणारे. डॉक्टरीण मापाची काठी घेऊन एकेकाची उंची घेत होती. मुलीने शाळेतून रजा काढली होती आणि सगळ्यांना चहा देत होती. पावणेअकरापासून काकांचं लक्ष उताराच्या रस्त्याकडे होतं. वहिनी आली, धुलाईघराचा रबरी अंगरखा तसाच, आणि हौदाजवळ उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, "अरे, दगडीबाई आज इकडे कुठे?"

काका ऐरणीशी उभे राहिले. "मला बोलायचंय," ते म्हणाले.

"काका बोलणार?" लाकूडवाला ओरडला. "थांबा, घोड्यांनाही ऐकू द्या."

"टपाल माझ्या हातून मेला," काका म्हणाले. "खिळा आत गेला होता. मला कळलं होतं. मी उपसला नाही."

मग लाकूडवाला हसत म्हणाला, "मग काका, माझा पांढऱ्या पायाचा जन्मापासून लंगडतो, तेही तुमचंच का?" दोघं-तिघं हसले. पाववाल्या म्हाताऱ्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या हो. जुनं झालं. चुका कुणाच्या हातून होत नाहीत?"

हे तो इतक्या मऊपणाने म्हणाला की काकांना वाटलं, ह्याने थप्पड मारली असती तर बरं. आणि त्या मऊपणात मान हलवून मोकळं व्हावं, असंही वाटलं. चूक झाली, माफ केली, संपलं. त्यांनी हौदाकडे पाहिलं.

"वाटेचं सांगा," वहिनी म्हणाली.

"चूक नव्हती ती," काका म्हणाले. "लगेच उपसला असता तर नुसती चूक म्हणता आली असती. मी ह्यांना विचारलं, कुठल्या वाटेनं आणलात. ह्यांनी खरं ते सांगितलं. आणि त्यांचं ते खरं मी त्यांच्यावरच घातलं. डॉक्टरांना सांगितलं, इथे, ह्या फरशीवर उभं राहून. खिळा काळा झाला होता, तो मी अंगठ्यानं पुसला. तुम्ही ह्यांना दगडी म्हणता. ते नाव मी दिलंय."

आता कुणी हसलं नाही. लाकूडवाल्याने नजर घोड्याच्या लगामाकडे वळवली. पाववाल्याने खांद्यावरचा हात काढून घेतला. मुलगी ट्रे तसाच फरशीवर ठेवून घरात गेली, आणि दार लावल्याचा आवाज आला. डॉक्टरीण वहीत लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने काकांकडे पाहिलं नाही.

वहिनीने हौदावर बांधलेल्या एका तांबड्या घोडीच्या मानेवर हात ठेवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा असेल. घोडीने कान तिच्याकडे वळवला. वहिनी काहीतरी पुटपुटली, भांडल्यासारखं. मग तिची वीस मिनिटं संपली असावीत. ती गेली. जाताना भाऊजी म्हणाली नाही.

पुस्तक छापून आलं. शेवटच्या प्रकरणात सगळं होतं तसं होतं, खिळा, अंगठा, वाट. पहिल्या पानावरचं वाक्य डॉक्टरिणीने काढलं नव्हतं, आणि ते वाचून काकांना शेवटच्या प्रकरणापेक्षा जास्त लाज वाटली. मुलीने पुस्तक कपाटात ठेवलं, समोरच्या फळीवर नाही. ती बापाशी बोलायची, चहा द्यायची, पण बोलताना आता "हं" ती म्हणायची.

लाकूडवाला काही महिने घोडे दुसरीकडे घेऊन गेला. तिथला माणूस धसमुसळा निघाला म्हणून परत आला. काका आता तोंडात खिळे धरत नव्हते. पत्र्याच्या डबीत ठेवायचे आणि वाकून एकेक घ्यायचे. वेळ जास्त लागायचा, लोक कुरकुर करायचे. काही म्हातारे अजून सवयीने दगडी म्हणायचे आणि मग जीभ चावायचे. काका मात्र प्रत्येक वेळी काम थांबवून, नाव नीट सांगायचे, मित्राची बायको म्हणून नाही, तिचं स्वतःचं.

वहिनी आता कामावर जाताना अंगणासमोरूनच जायची. आधी लांबच्या रस्त्याने जायची, हेही काकांना तेव्हाच कळलं. थांबायची नाही, बघायची नाही. ती दिसली की काकांची हातोडी आपोआप थांबायची, ती वळणापलीकडे गेली की सुरू व्हायची.

एकदा लाकूडवाल्याच्या पांढऱ्या पायाच्या घोड्याला नाल ठोकत असताना ती आली आणि हौदाजवळ उभी राहिली. काकांनी हातोडी थांबवली.

"चालू द्या," ती म्हणाली.

काकांनी पहिला खिळा ठोकला. दुसरा ठोकला. तिसऱ्याला घाव घातला, आवाज खणखणीत आला, घोड्याचा कान हललासुद्धा नाही. काकांनी पक्कड घेतली आणि तो खिळा उपसला. टोक उजेडात धरून बघितलं, वास घेतला. कोरडा होता, स्वच्छ होता.

"चांगला होता की हो तो," लाकूडवाला वैतागून म्हणाला.

"असेल," काका म्हणाले आणि डबीतून दुसरा घेतला. हौदाजवळची जागा तोवर रिकामी झाली होती.